मानेवरची रेघ

रेघ काही केल्या जात नव्हती.

पडद्यावर चिंगी उभी होती. म्हणजे खुद्द चिंगी नव्हे, तिची डुप्लिकेट. हे नाव चिंगीनेच ठेवलेलं. ताई एका गेमसाठी माणसं बनवायची, आणि या खेपेला कातडीसाठी तिने धाकट्या बहिणीचेच फोटो वापरले होते. खिडकीपाशी उभं करून, हलू नकोस, दात काढू नकोस असं दटावत काढलेले. चेहऱ्याचे वेगळे, अंगाचे वेगळे. कॉम्प्युटरमध्ये ती कातडी सोलून वाळत घातल्यासारखी सपाट दिसायची, डोळ्यांच्या जागी दोन भोकं. बटण दाबलं की सगळी डुप्लिकेटच्या अंगावर चढायची. आणि जिथे चेहऱ्याची कातडी संपून अंगाची सुरू व्हायची, तिथे गळ्याभोवती ती रेघ. दोऱ्याएवढी, लालसर.

दोन फोटोंतला उजेड जुळला नाही की सांधा दिसतो, हे ताईला पाठ होतं. तिने उजेड जुळवला, सांध्यावरून ब्रश फिरवला. सपाट कातडीवर रेघेचा मागमूस राहिला नाही. अंगावर चढवली की बाईसाहेब हजर.

मागे चिंगीची इस्त्री चालली होती, आणि इस्त्रीपेक्षा तोंड जोरात. आज नाटकाची तालीम होती, मैत्रीण नव्या स्कूटरवरून न्यायला येणार होती. डुप्लिकेट आपल्यापेक्षा शहाणी दिसते, तेव्हा आईला तीच देऊन टाकावी, घरात शांतता नांदेल, असंही तिने सुचवून पाहिलं.

ताईने मानेचा नाद सोडला आणि हात तपासायला घेतले. डाव्या मनगटाच्या वर एक डाग होता. तिरपा, बोटाच्या पेराएवढा, एका टोकाला निमुळता, मधे चकचकीत.

"चिंगे, हाताला काय लागलंय तुझ्या?"

चिंगीने इस्त्री उभी ठेवली आणि दोन्ही हात तिच्या नाकासमोर नाचवले. हात स्वच्छ होते. ताईने मूळ फोटो उघडले. तिथेही काही नाही. सॉफ्टवेअर कधीकधी भलतीच जुनी फाइल उचलतं, आणि कुणाची तरी कातडी कुणाच्या तरी अंगावर जाते. तसंच झालं असणार. तिने जुन्या फाइली पुसल्या, सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. कातडी चढली. डाग तिथेच.

"आई गं," मागून आवाज आला.

इस्त्रीचं टोक लागलं होतं. चिंगी मनगटावर फुंकर घालत, स्वतःच्या धांदरटपणाचा उद्धार करत नळाकडे पळाली. ताई मागोमाग गेली. पाण्याच्या धारेखाली तो डाग तिने पाहिला. तिरपा. पेराएवढा. एका टोकाला निमुळता.

ती परत येऊन बसली तेव्हा डुप्लिकेटचं मनगट स्वच्छ होतं.

गळ्याची रेघ तशीच होती.

ताईने मान पडदाभर मोठी केली आणि ब्रश फिरवत राहिली. पुसली, चढवली, पुसली, चढवली. खाली हॉर्न वाजला. चिंगीने इस्त्री केलेला ताईचा लांब स्कार्फ गळ्याभोवती दोनदा गुंडाळला आणि चपला शोधायला लागली. स्कार्फची टोकं गुडघ्यापर्यंत लोंबत होती.

"आज जाऊ नकोस," ताई म्हणाली.

चिंगीने कारण विचारलं. स्कूटरवरून तर मुळीच नको, एवढंच ताईला सुचलं. दुपारभर त्या बयेच्या गळ्यात डोळे घालून बसलं की असंच होतं, असं म्हणत चिंगी दाराकडे निघाली. ताईने मागून स्कार्फचं टोक धरलं. चिंगीला मस्करी वाटली. तिने हसत हिसका दिला. ताईने टोक मुठीला गुंडाळलं आणि सगळा जोर लावून मागे ओढलं.

"सोड, ताई." चिंगी आता हसत नव्हती. "गळा आवळतोय."

ताईची मूठ सुटली. चिंगीने खोकत वेढे काढले. तिच्या गळ्याभोवती रेघ उमटली होती. दोऱ्याएवढी, लालसर.

"ठेव तुझा तुलाच," म्हणून तिने स्कार्फ ताईच्या मांडीवर टाकला. जाताजाता तिचं लक्ष पडद्याकडे गेलं, आणि रुसवा विसरून ती म्हणाली, "बघ, गेली की तुझी रेघ."

पडद्यावर नुसती मान होती, पडदाभर, गुळगुळीत. बाकीची डुप्लिकेट चौकटीबाहेर.

जिन्यावर चपला वाजल्या. स्कूटर सुरू झाली. अख्खं शरीर दिसायला एकच बटण दाबायचं होतं. ताईने त्यावर बोट ठेवलं, आणि स्कूटरचा आवाज वळणापलीकडे गेला तरी ते दाबलं नाही.