वगारीची पारख

झुलालआबांनी वगारीकडे, विकत घ्यायच्या त्या तरण्या, न व्यालेल्या म्हशीकडे धड बघितलंही नाही. "हिनी माय कोठे शे?" एवढंच विचारलं.

धुरपदाबाईंनी कोपऱ्यातल्या म्हशीकडे बोट केलं. भडगावात गिरणेकाठचा हा गोठा नवरा गेल्यापासून त्या एकट्या चालवत. आबा पारोळ्याहून एस.टी.ने आले होते. वगारीचा पत्ता मध्यस्थ निंबाने दिला होता. हाच निंबा आबांच्या मुलासाठी, भाईदाससाठी धुळ्याची मुलगी जमवत होता, आणि खरं तर आबांचा जीव तिकडेच टांगलेला होता. घरात बाईमाणूस नाही. आधीची स्थळं आली, चहा प्याली आणि परत काही कळवायचं विसरली. धुळ्याच्या बैठका रीतीप्रमाणे पुरुषांपुरुषांत पार पडल्या होत्या. आता नुसता होकार यायचा होता.

आबांची रीत पंचक्रोशीत ठाऊक होती. आईला स्वतःच्या हाताने पिळल्याशिवाय ते लेक घेत नसत. खाण तशी माती, हा त्यांचा धर्मच. त्यांनी बाह्या सारल्या, आचळाला लागलेलं पारडू ओढून खुंट्याला बांधलं आणि म्हशीखाली बसले. हात परका. म्हशीने पान्हा चोरला.

आबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे उठले, तिची शेपटी पिरगाळली, दावं दुमडून घेतलं आणि एकाच जागी मारत राहिले. म्हैस थरथरली. थोड्या वेळाने दूध आलं.

"धाकबिगर दूध उतरत नही, अक्का," ते हसत म्हणाले. "मना भाईदासना हातबी असाच शे."

धुरपदाबाई म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

बादली भरत आली तसे आबा खुलले. रेडा कुठला, त्याच्या आईचं दूध किती, सगळं खोदून विचारलं. दूध संघाच्या शिबिरात गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना पक्कं पटलं होतं. रेडा स्वतः थेंबभर दूध देत नाही, पण त्याच्या घराण्याचं दूध लेकीत उतरतं. निम्मा गुण त्याचाच.

"बठ्ठा लोके माय देखतस," ते म्हणाले. "बाप कोनी देखत नही. आठेच फसतस."

"खरं शे, भाऊ."

मग सहज विचारावं तसं धुरपदाबाईंनी आबांच्या मालकिणीचं विचारलं. ती विहिरीत गेली, पाय घसरला, असं आबांनी सांगितलं. पाणी पिऊन झाल्यावर पाय घसरल्याचं त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. धुरपदाबाईंनी एकदाच विचारलं होतं.

आबांना दूध पसंत पडलं होतं. ते उठले आणि वगारीचं दावं सोडू लागले. धुरपदाबाईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि पुन्हा खुंट्याला बांधलं.

"वगार नही देवानी का?"

"वगार इकानी नव्हतीच, भाऊ." त्यांनी गाठ आवळली. "धुळानी पोर मनी भाची शे. मी सांगं म्हनीसन निंबानी तुमले आठे धाडं. माले पोऱ्याना बाप देखाना व्हता."