भोंग्याची तालीम

भोंगा तुम्हीच उतरवलात. आता वरच्या ऑफिसकडे बोट दाखवू नका. धरणाचं पाणी सोडायच्या आधी तो वाजायचा, नदीकाठच्या तुमच्या तंबूंतल्या पाहुण्यांची झोपमोड व्हायची, पाहुणे कटकट करायचे. तुम्ही तो खांबावरून काढलात आणि ठरवलंत, की यापुढे इशारा मोबाइलवर जाईल. ज्या खोऱ्यात मोबाइल लागत नाही, त्या खोऱ्यात. 'हे आम्हाला ठाऊक नव्हतं' असंही म्हणू नका. तुमच्याच जाहिरातीत ठळक छापलंय: 'नदीकाठी रहा. इथे फोन वाजत नाही.'

ती जाहिरात वाचून एका घरात रविवारी दुपारी तंबू उभा राहिला. हॉलमध्येच. मामाकडून मागून आणलेला, निघण्याआधी एकदा लावून बघू म्हणून. टोक पंख्याला लागत होतं, त्यामुळे पंखा बंद आणि सगळे घामाघूम. दोऱ्या सोफ्याच्या पायांना आणि शिलाई मशीनला बांधलेल्या. समोर निळी चादर अंथरलेली. ती नदी.

"अहो, अजून जवळ घ्या की ती," आई म्हणाली. "दारात बसून पाय पाण्यात सोडता आले पाहिजेत."

आई हॉस्पिटलात नर्स. तिचा फोन जेवतानाही वाजतो. म्हणून पोरांनी एकच अट घातली होती: सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या डब्यात, डबा गाडीत, गाडी वर रस्त्यावर. आईनेच आधी हो म्हटलं होतं.

बाबांनी चादर ओढून तंबूला भिडवली. मग थबकले. "एवढ्या जवळ नको. वर धरण आहे."

"अरे, भोंगा आहे ना," आत्या म्हणाली. बाबांची ही थोरली बहीण. तिची पहिली नोकरी त्याच खोऱ्यातल्या शाळेत झालेली. "वाजला की आम्ही पोरांना आहेत तशी उठवून टेकाडावर न्यायचो. पाणी यायला वेळ लागतो. तेवढ्यात म्हातारी माणसंसुद्धा वर पोचायची. बिनधास्त लाव काठाला."

तरी बाबांनी तुमच्या ऑफिसला फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर.

"काठाची जागा हवीय. पाणी सोडायच्या आधी कळतं ना?"

"सगळी व्यवस्था आहे, साहेब," तुमचा माणूस म्हणाला. "निर्धास्त या."

"मी काय सांगत होते?" आत्या म्हणाली. आणि शाळेत घ्यायची तशी तिने तालीमच घेतली. "आडवे व्हा सगळे. मी भोंगा. वाजले की चपला शोधायच्या नाहीत, पिशव्या उचलायच्या नाहीत. सोफा म्हणजे टेकाड."

तिने तोंडाशी हात धरून असा आवाज काढला, की समोरच्यांनी खिडकी उघडून पाहिलं. पहिल्या खेपेला दादा दोरीत अडकून तोंडावर आपटला. दुसऱ्या खेपेला सगळे सोफ्यावर.

"आणि ताई, तुम्हाला कोण आणणार वर?" आईने विचारलं.

"माझे गुडघे बघितलेस ना? मला राहू द्या खालीच. तेवढीच तुमची अडगळ कमी."

"पाठुंगळी घेईन," बाबा म्हणाले. "गप बस."

तिसऱ्या खेपेला भोंगा बाबांच्या पाठीवर बसूनच वाजला. हसून हसून बाबांना सोफा गाठता येईना.

"आता शेवटचं," आत्या म्हणाली आणि घसा सुकला म्हणून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. चौघं तंबूत डोळे मिटून पडले. धाकटीचे पाय दाराबाहेर, निळ्या चादरीवर. कान स्वयंपाकघराकडे. आतून काहीच आवाज येईना.

बराच वेळ येईना.

धाकटी उठून बसली. "आत्या, वाजलाच नाही तर आम्हाला कसं कळणार?"

"झाली वकीलसाहेबांची उलटतपासणी सुरू," बाबा डोळे न उघडता म्हणाले. दादा फिसकन हसला.

आत्या पदराला हात पुसत दारात आली. "वाजतो गं. त्या कामाला माणूस ठेवलेला असतो तिथे."

"पण नाही वाजला तर?"

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणत आई उठली आणि बिस्किटांचा डबा रिकामा करायला घेतला. बाबांनी तुमच्या ऑफिसला पुन्हा फोन लावून काठाची जागा पक्की केली. धाकटी तिथेच बसून राहिली. तिने पाय तेवढे चादरीवरून आत ओढून घेतले.

शनिवारी सकाळी ते निघतायत. तिचा प्रश्न घरात कुणाला सुटणारा नव्हताच. तो तुमचा आहे.

द्या उत्तर. आम्हाला नको. तिला द्या, आणि शनिवारच्या आत द्या.