सात दिवसांची बोली

लिलावाच्या चौथ्या दिवशी प्रश्न आला. चिन्मयीनं तो दोनदा वाचला आणि फोन आईपुढे धरला.

'गाडी डाव्या अंगावर पडली होती. तुम्ही उजव्या का लिहिलं?'

अरुंधतीबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "चिनू, हे मुकुल तर विचारत नाही ना गं?"

"मुकुल असता तर आधी फोटो भिकार काढलेत म्हणाला असता."

आई हसली. मग पदरानं डोळे पुसत बसली.

सात महिन्यांपूर्वी, भर दुपारी, शहागडच्या अलीकडे रस्त्याकडेच्या चारीत तिचा भाऊ मुकुल स्कूटरसकट मेलेला सापडला होता. एकटाच होता, असं पंचनाम्यात लिहिलं होतं. पाहणारं कुणी मिळालं नाही. पण त्याच्या मांडीला एक उपरणं करकचून बांधलेलं होतं, जखमेच्या बरोबर वर, रक्त थांबावं म्हणून. ते मुकुलचं नव्हतं, घरातल्या कुणाचंच नव्हतं. म्हणजे त्या वेळी तिथं कुणीतरी होतं.

हा निष्कर्ष चिन्मयीचा. ती जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवणक्षमता तपासायची. शंभर दाण्यांतले किती उगवले नाहीत आणि का, हे शोधणं तिचं रोजचं काम. मुकुल गेल्यावर आठवडाभर ती तापानं अंथरुणाला खिळलेली होती, भेटायला आलेल्यांसमोरही आली नव्हती. उठली ती एकच गोष्ट मनात धरून. तो उपरणेवाला सापडला पाहिजे. अरुंधतीबाईंना विचारायचं होतं, की आपलं लेकरू शेवटी काही बोललं का. चिन्मयीला त्यानं काय पाहिलं ते हवं होतं. त्याशिवाय तिला झोप लागणार नव्हती.

पोलिसांकडून गाडी सुटल्यावर तिनं ती दुरुस्त करून घेतली. लांबच्या प्रवासाची स्कूटर. उंच काच, दोन्ही बाजूंना पेट्या, काचेवर हंपीपासून स्पितीपर्यंतचे स्टिकर. एकदा पाहिल्यावर कुणी ती विसरलं नसतं. मग तिनं ती ऑनलाइन लिलावाला लावली. सात दिवस ती अंबडकडच्या गावागावांतल्या मोबाइलवर दिसत राहणार होती. वर्णनात एक गोष्ट तिनं मुद्दाम चुकीची लिहिली: 'एकदा उजव्या बाजूला पडलेली.' दुरुस्तीनंतर दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. ती चूक दाखवू शकेल असा एकच माणूस होता.

तीन दिवस नुसते मायलेज विचारणारे आले. चौथ्या दिवशी 'अर्पिता, अंतरवाली सराटी' या नावानं बोली लागली आणि खाली तो प्रश्न. सातव्या दिवशी लिलाव त्याच नावावर सुटला. चिन्मयीनं लिहिलं, उद्या अकरा वाजता शहागडला पुलाजवळ या.

अरुंधतीबाईंनी ते उपरणं केव्हाच धुऊन इस्त्री करून ठेवलं होतं. त्यावर त्यांनी नवी टॉवेल-टोपी ठेवली. "मी पण येते."

"आधी मला खात्री करू दे, आई." मागे लागेल म्हणून तिनं ठिकाण अंबडचं सांगितलं.

ती तासभर आधीच पोचली. गाडी पुलाजवळच्या हॉटेलसमोर लावून लांब उभी राहिली. अकराला एक सत्तरीचा म्हातारा आला, स्कूटरभोवती एक फेरी मारली आणि डाव्या पेटीवर हात ठेवून उभा राहिला. तेव्हा ती पुढे झाली.

"बाबा, अर्पिता तुमची कोण?"

"नात. मी कडूबा. मला कुठलं येतंय हे मोबाइलचं? बोली लावल्याबिगर निरोप जात न्हाई म्हनली, मंग लाव म्हनलं. आता गाडीच पडली गळ्यात." ते बोळक्या तोंडानं हसले. "सायकल येत न्हाई मला."

चहा आला. तिनं पिशवी पुढे केली. उपरण्याची कडक घडी पाहून कडूबांचं हसू मावळलं.

"तुम्ही त्याच्या कोन?"

"बहीण."

"मंग तुमाला सांगायलाच पायजे. जावयाच्या उसाला पानी द्यायला आल्तो. गाडी घसरल्याचा आवाज झाला, पळत गेलो. दोघं होते."

चिन्मयीनं ग्लास खाली ठेवला. "दोघं?"

"पोरगं मागं बसलेलं. गाडी पोरगी चालवून राह्यली होती. ती उठली, आपलं हेल्मेट काढून त्याच्यापाशी ठेवलं. पोरगं जित्तं होतं, माय. पानी मागत होतं. मी वरडलो, जल्दी एखादी गाडी थांबव. तिनं माझ्याकडं पाह्यलं, वर रस्त्याला गेली, एसटीला हात केला आन् बसून गेली."

"तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलं?"

"भ्यालो. पर तवापासून घास गोड लागत न्हाई. आता सांगनार. म्हनून तर आलो."

"तिला ओळखाल?"

"तोंडाला स्कार्फ होता, तुम्ही पोरी बांधता तसा. निस्ते डोळे उघडे. ते डोळे ध्यानात हायेत माझ्या."

चिन्मयीनं चहाचे पैसे टेबलावर ठेवले. "नातीला माहितीये हे?"

"कुनालाच न्हाई. तिला वाटतं, आजा गाडी आनायला गेला."

"चला मग, बाबा. आत्ताच अंबडच्या ठाण्यात जाऊ. गाडी आहेच."

कडूबांनी सुटकेचा श्वास टाकला. पिशवी छातीशी धरून ते मागे बसले. तिनं स्कार्फ बांधला, वर हेल्मेट चढवलं आणि गाडी वळवली. वारा सुटला, खाली गोदावरीचं पात्र दिसू लागलं.

"माय, अंबड मागं राह्यलं की," कडूबा म्हणाले.

तिनं आरशात पाहिलं. कडूबाही आरशातच बघत होते, स्कार्फमधून उघड्या राहिलेल्या तिच्या डोळ्यांकडे. ते डोळे त्यांच्या ध्यानातले होते.