गुलाबी रंग

बाळाला खांद्यावर घेऊन सुमेधा स्वयंपाकघरात आली आणि उंबऱ्यातच थबकली. गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलेली बाटली गुलाबी झाली होती.

"आत्या, ही उघडली कुणी?"

"मीच." कांताबाई चुलीवरचं आधण उतरवत म्हणाल्या. "बूच टर्र फुगलं होतं गं. म्हनलं, श्वास कोंडून राह्यला बिचाऱ्यांचा. विळीनं बुचावरचा पत्रा उचकटला, जरा हवा खाऊ दिली अन् परत बसवलं बराबर."

प्रयोगशाळेत आज दिवसभर वीज नव्हती, म्हणून सुमेधानं बाटली घरी आणली होती. आतले जंतू बोट भाजेल अशा पाण्यात सुखानं नांदायचे. कपाशीच्या पऱ्हाट्या खायचे, गॅस सोडायचे. बूच त्यानंच फुगलं होतं. हवा लागली की मात्र संपायचे. हवा शिरलेली कळावी म्हणून तिनंच आत रंग टाकला होता. हवा नसेपर्यंत तो दिसतही नाही.

आधीच्या दोन बाटल्या गेल्या होत्या. ही शेवटची. आष्टीच्या ज्या उकिरड्याच्या वाफाळत्या पोटातून हे जंतू मिळाले, तो उकिरडा केव्हाच शेतात पसरला होता.

"फक्त पाणी गरम ठेवा म्हणाले होते ना मी! फक्त पाणी!"

"मंग, ठेवलं न्हाई का? सकाळधरनं बूड टेकलं न्हाई मी. तुझी ती पाण्याचा ताप मोजायची काचेची नळी मला काय कळंना. बोट बुडवूनच बघत होते."

कांताबाईंनी हात पुढे केला. बोटांची टोकं लालबुंद झाली होती.

खांद्यावरचं बाळ चुळबुळलं.

"हळू बोल, उठंल ती," कांताबाई कुजबुजल्या. त्यांनी बाटली पदरानं पुसली, खिडकीतल्या उजेडात धरली. "अन् रागावतीस कशाला? सकाळी बिलकुल पांढरेफटक पडले होते. आता बघ, कसा जीव आला."

बाटली पातेल्यात ठेवून त्या कडेकडेनं आधण ओतू लागल्या, तिला धक्काही लागू नये असं.

सुमेधा बाळाला थोपटत राहिली. थाप जरा जोरातच पडत होती.