मंगळवारचा वाचक

तिसऱ्यांदाही पत्त्याच्या जागी फुल्याच आल्या.

शेवटच्या लेखात वाचकांसाठी तिने फोन नंबर आकड्यांत लिहून पाहिला, अक्षरांत लिहून पाहिला. साइट एवढी हुशार, की दोन्ही वेळा पुसून टाकला. पाच वाजता ती साइट बंद होणार होती. कुठल्याशा मोठ्या कंपनीने विकत घेतली होती आणि लेखकांना गोड शब्दांत कळवलं होतं, तुमचे लेख खुशाल घेऊन जा, वर्गणीदार मात्र आमचे. वा रे न्याय! आणि हीच बाई नोकरी सोडताना मैत्रिणींना ऐकवत होती, की आता डोक्यावर साहेब नाही, मी आणि माझे वाचक.

गेले तर जाऊ देत, दुसरे मिळतील, अशी तिने मनाची समजूत घालून पाहिली. पण 'उरलेला' कुठून मिळणार? नवरा गेल्यावर तिने टोपणनावाने लिहायला घेतलं होतं, माणूस गेलेल्या घराबद्दल, दर मंगळवारी. नाव, गाव, नातं, सगळं बदलून. घरात सासऱ्यांनाही कानोकान खबर नव्हती, त्यांना वाटायचं सून कुणाचं तरी टायपिंग करते. लेखाखाली हा 'उरलेला' न चुकता दोन ओळी लिहायचा. मागच्या खेपेला त्याने लिहिलं होतं, मंगळवार येतो म्हणून आठवडा ढकलतो, नाहीतर आता जगायचं कुणासाठी? अशा माणसाला वाऱ्यावर कसं सोडायचं?

मग तिला सुचलं. फुल्या पत्त्यावर पडतात, गोष्टीवर थोड्याच पडतात? तिने घरापर्यंतचा रस्ताच लिहून काढला. शहराचं नाव, स्टेशनासमोरचा पूल, पुलाखाली शिंप्याचं दुकान, दुकानाशेजारचा जिना. 'बेल बिघडली आहे, दार वाजवा. सासरे उघडतील. मुलगा गेल्यापासून ते कुणाशी बोलत नाहीत, माझ्याशीही नाही. रागावलेत असं समजू नका. आत या. उरलेला, तुम्ही तर याच.'

एकही फुली न पडता लेख अख्खाच्या अख्खा साइटवर गेला. आता चोर येवो की वेडा, येईल त्याला बघून घेऊ, असं म्हणत ती कान देऊन बसली. पाच वाजले आणि पडदा कोरा झाला. जिन्यावर पाऊल वाजेना. कोण कशाला येतंय, आपणच खुळ्या, असं वाटून तिला रडू फुटलं. तोंडावर पदर दाबून ती रडत राहिली.

दार वाजलं. बाहेरचं नाही, तिच्या खोलीचं.

सासरे उभे होते. चष्मा कपाळावर, हातात फोन.

"सूनबाई," ते म्हणाले, "आता मंगळवारचं कुठे वाचायचं?"