शिवणीतली माया

बाबांचा शर्ट मी दोन महिन्यांत तिसऱ्यांदा बाजूंनी आत घेत होते. जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यात त्यांचं बोलणं गेलं. मग रेडिएशन सुरू झालं, त्यात जेवण गेलं. आमच्या टेलरिंगच्या दुकानात आता ते कापायच्या टेबलावर खडूनं लिहून बोलायचे. शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखतात, त्याला आम्ही शिंपी लोक 'माया' म्हणतो, आणि त्या बाबतीत बाबांचा हात भलताच सढळ. माझा शाळेचा एकच फ्रॉक उसवून उसवून तीन वर्षं पुरला होता. "माया कधी कापायची नाही," मला काम शिकवताना ते दटावायचे, "माणूस आज बारीक असला तरी उद्या अंग धरतो." म्हणून मीही दोन्हीकडे दोन-दोन बोटं माया ठेवून टीप मारली आणि शर्ट त्यांच्या अंगावर चढवला. "बघा बाबा, फिटिंग कसं नवरदेवासारखं बसलंय! जेवायला लागलात की लगेच उसवून देते." ते ओठांच्या एका कोपऱ्यातून हसले. शर्ट काढून त्यांनी उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि टेबलावर आपल्या सुबक अक्षरात लिहिलं, 'माया काप.' "का हो? टोचतेय का?" मी विचारलं. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. मग आपली कात्री त्यांनी माझ्यापुढे सरकवली, मूठ माझ्याकडे आणि पातं स्वतःकडे करून, मी दहा वर्षांची असताना पहिल्यांदा दिली होती तशी.