रविवारची नवी नावं

नव्या नावांत दादा आजही नव्हता. तिने यादी खालून वर पुन्हा एकदा वाचली. एक निवृत्त शिंपी, एक कॉलेजातली मुलगी, दोन गृहिणी आणि गुडघेदुखीचं तेल विकणारा कुणीतरी. तेलवाल्याला तिने तिथल्या तिथे हाकलून दिलं.

जुन्या शिलाई मशीनांच्या दुरुस्तीवर ती दर रविवारी ईमेलने पत्र पाठवायची. वाचक वाढले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, एखाद्या कंपनीकडे सोपव हा व्याप. ऐकेल तर ती कसली! स्वयंपाकघरातल्या फडताळाखाली एक जुना कॉम्प्युटर बसवून तिने तोच कामाला लावला. यादी तिथे, पत्रं सुटायची तीही तिथूनच. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही हे तिच्या एकटीच्या हातात होतं, आणि त्याचा तिला जरा जास्तच अभिमान होता. जाहिरातवाल्यांवर तिने कायमची बंदी घालून ठेवली होती. बंदी घातलेल्या पत्त्यावर एकही पत्र जात नसे. त्या पत्त्याने कुणी पुन्हा नाव नोंदवू लागलं, की त्याच्या पडद्यावर तिचं वाक्य उमटायचं : ‘तुम्हाला इथे जागा नाही. पुन्हा येऊ नका.’ असे किती जण येऊन परत गेले, हे ती कधी बघायची नाही. कचरा कोण मोजत बसतो?

बाबांचं दुरुस्तीचं दुकान दादा चालवायचा. तो कॉम्प्युटर नुकताच बसवला होता तेव्हा तिने बाबांवर भरभरून लिहिलं आणि ओघात शेवटी टाकलं, ‘बाबांचा हात मात्र पुढे कुणाकडे आला नाही.’ वाक्य छान जमलं होतं, म्हणून ठेवलं. बाबांच्याच स्टुलावर बसून दादा ते वाचेल, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. त्या संध्याकाळी दादाने यादीतून आपलं नाव काढलं. ना फोन, ना भांडण. मग तिचंही डोकं फिरलं. एवढ्याशा वाक्यावरून? जा मग, खुशाल जा! रागाच्या भरात तिने कॉम्प्युटरवर दोन-चार बटणं बडवली, थोडी रडली आणि तोंड धुऊन कामाला लागली.

वर्षभरात राग निवला. फोन करायला मात्र जीभ रेटेना. शेवटी तिला जे येत होतं तेच तिने केलं. पत्र लिहिलं. दादा मशीनला कान लावून नुसत्या आवाजावरून दोष कसा ओळखतो, अडलेला पट्टा कसा हलक्या हाताने सोडवतो, सगळं लिहिलं. खाली लिहिलं, ‘बाबांचा हात दादाकडे आला. मी बघितलंच नाही आणि वर ऐटीत लिहून मोकळी झाले. दादा, माझं चुकलं.’ यादीत नसला तरी त्याचा पत्ता तिने त्या पत्रापुरता हाताने घातला. कॉम्प्युटर म्हणाला, सर्वांना गेलं.

वाचकांची ढीगभर उत्तरं आली. कुणाचे डोळे भरून आले होते, कुणी आपल्या भावाला फोन लावला होता. दादाचं उत्तर तेवढं नव्हतं. हट्टी आहे, ती स्वतःला समजवायची, पण एक दिवस नाव घालेल. म्हणून तर दर रविवारी ती आधी नवी नावं बघायची.

आजही बघून झालं आणि वहिनीचा फोन आला. “ताई, दुकान विकलं. संध्याकाळी किल्ली द्यायचीय. बाबांचं काही हवं असेल तर येऊन न्या.”

ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. दुकानातल्या फळ्या रिकाम्या होत्या. मशीनं उभी असायची तिथे जमिनीवर तेलाचे काळे डाग तेवढे राहिले होते. दादा स्टुलावर बसून एका खोक्याला सुतळी बांधत होता. केस पार पिकले होते.

“ये ठमे,” कालच भेटल्यासारखा तो म्हणाला. तिला रडूच फुटलं.

“का विकलंस रे?”

“दुकान चालवायला हात लागतो. तो माझ्याकडे आलाच नाही, तूच लिहिलंस. आधी नुसता राग आला होता. मग मशीन उघडलं की तेच आठवायला लागलं. हात अडखळायला लागला.”

“अरे, पण मी नंतर माफी मागितली! सगळ्यांदेखत! तुला पाठवलं होतं ते पत्र. कुणी सांगितलं नाही?”

“दुकानात मी तुझा विषयच काढू देत नव्हतो कुणाला.” त्याने सुतळीची गाठ आवळली. “आणि पत्र मला कुठून येणार? राग गेल्यावर दर रविवारी नाव घालत होतो की मी. दर रविवारी तुझं तेच उत्तर.”

“कसलं उत्तर?” तिने विचारलं खरं, पण विचारतानाच तिला ती संध्याकाळ आठवली. ती दोन-चार बटणं आठवली.

“‘तुम्हाला इथे जागा नाही. पुन्हा येऊ नका.’” दादा उठला आणि बाबांचं स्टूल त्याने तिच्या पुढ्यात ठेवलं. “म्हटलं, धाकटीचा राग अजून गेलेला नाही. पुढच्या रविवारी बघू.”